काठी, कापड आणि धातूची वस्तू

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सर्टिफाइड मेलने एक पाकीट आलं. सही करून घ्यायचं पाकीट दिसलं की माझ्या पोटात गोळाच येतो, इमिग्रेशनचं असेल का, टॅक्सवाल्यांचं असेल का, आणि उघडून बघतो तर आमच्याच घराचा रंगीत फोटो, त्यावर लाल गोल, आणि खाली इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचं मराठी साधारण असं: घराच्या दर्शनी भागावर विनापरवानगी उभारलेली काठी, कापड आणि धातूची वस्तू.

गुढी हो!

२०२५ चा पाडवा ३० मार्चला, त्यात रविवार, त्यात आईबाबा पुण्याहून आलेले, म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं रीतसर जमून आलं होतं. तांब्या बाबांच्या बॅगेतून आला, साखरेच्या गाठी आईच्या पर्समधून, कडुलिंब हैदराबादच्या शेजाऱ्याने थंडीभर गॅरेजमध्ये कुंडीत जगवलेला त्यातला मागून आणला, आणि बांबू काही मिळाला नाही म्हणून कपाटात हँगर अडकवायची लाकडी दांडी होती ती काढली. पोर्चच्या खांबाला बांधली, फोटो काढले, श्रीखंड खाल्लं, झोपलो, संध्याकाळी उतरवली. एवढ्या वेळात ती पांढरी गाडी येऊन गेली होती.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोत. इथे घर घेतलं की त्याबरोबर एचओए येते, होमओनर्स असोसिएशन, म्हणजे तुम्ही मेंबर व्हायचं की नाही हा प्रश्नच नसतो, घराच्या कागदपत्रांतच ती चिकटलेली असते आणि घर विकेपर्यंत सुटत नाही. घराच्या रंगापासून कुंपणाच्या पॉलिशपर्यंत सगळ्याला कमिटीची परवानगी. वर्षाची वर्गणी वेगळी. आणि एक मॅनेजमेंट कंपनी, जिचा माणूस पांढऱ्या गाडीतून ताशी दहा मैल वेगाने फिरतो आणि खिडकीतून फोटो काढतो. आम्ही त्याला घरात चित्रगुप्त म्हणतो.

मी मुळात हे घर घेतलं ते सोसायटीला कंटाळून! कोथरूडला चोवीस फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये वाढलो, वरच्यांच्या कुंड्यांचं पाणी, खालच्यांचा स्कूटर पार्किंगवरून तमाशा, तेव्हापासून मनात एकच होतं की आपला स्वतंत्र बंगला असावा, वर कोणी नाही, खाली कोणी नाही, विचारणारं कोणी नाही. घराच्या क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या कागदांवर सह्या करायच्या दिवशी दीड तास नुसत्या सह्या करत होतो, त्यात एक जाडजूड गठ्ठा नियमांचा होता, सह्या घेणाऱ्या बाईने विचारलंही की वाचायचाय का, आणि मी हसून नको म्हटलं. त्या हसण्याचे आतापर्यंत १७५ डॉलर झालेत.

कचऱ्याचे डबे पहिले. ते रस्त्यावरून दिसता कामा नयेत, आदल्या संध्याकाळी बाहेर काढायचे आणि कचरा उचलला की त्याच दिवशी आत. मी गुरुवारचे डबे शुक्रवारी सकाळी आत घेतले तर चित्रगुप्ताकडे त्याचा सूर्योदयासकटचा फोटो होता, सुंदर आला होता खरं तर. मग मेलबॉक्सचा खांब वाकडा. मग फुलझाडांच्या वाफ्यात तण. त्यानंतर हिरवळ, आणि हिरवळीचं तर विचारूच नका, उन्हाळ्यात इथे पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, पाणी घालायचे दिवस शहराने ठरवून दिलेले, त्याबाहेर घातलं तर शहराचा दंड आणि नाही घातलं तर हिरवळ पिवळी पडते म्हणून एचओएचं पत्र. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. (पाणीबंदी चालू असताना वाळलेल्या हिरवळीबद्दल दंड करता येणार नाही असा कायदा टेक्सासने आता केलाय, १ सप्टेंबर २०२५ पासून. माझे पन्नास डॉलर त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातले.)

तर पत्र. चौदा दिवसांत सदर वस्तू काढा, नाहीतर ५० डॉलर. मी म्हटलं चला सुटलो, वस्तू तर त्याच संध्याकाळी काढली, आता ती ट्रंकेत आहे आणि गाठी पोरीने संपवल्यात. पत्र फ्रिजवर लावायला निघालो तर बाबा म्हणाले, "आण इकडे."

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा त्या कोथरूडच्या सोसायटीचे सलग अकरा वर्षं सेक्रेटरी. जिन्याखालचा काळा फळा हे त्यांचं साम्राज्य. 'जिन्यात चपला ठेवू नयेत. ठेवल्यास उचलून नेण्यात येतील व परत मिळणार नाहीत. हुकुमावरून.' असल्या सूचना ते रात्री दहानंतर, खडू ओला करून, एकटाकी लिहायचे. एकदा बँकेच्या घोळात आमचाच मेंटेनन्स भरायचा राहिला तर त्यांनी थकबाकीदारांच्या यादीत स्वतःचं नाव स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, रुपये ४५०, आणि आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. निवृत्त झाल्यापासून ते कोमेजले होते. इथे आल्यावर तर सकाळी चालायला जाणं आणि दुपारी आयपीएलचे हायलाइट्स, संपलं.

चष्मा लावून त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, उलटं करून मागची बाजू बघितली, आणि खूप दिवसांनी त्यांच्या तोंडावर तेज आलं.

"ड्राफ्टिंग चांगलं आहे," म्हणाले. "पण वस्तूचं वर्णन मोघम आहे. इथे पकडता येईल."

"बाबा, काढलीये आपण ती. विषय संपलाय."

"फाइलला राहतं ना! सहा महिन्यांत हेच परत झालं तर सुधारायची संधी न देता थेट दंड लावता येतो, असं इथेच लिहिलंय."

"पुढचा पाडवा वर्षाने आहे."

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

हे वाक्य आलं की आमच्या घरात आई उठून स्वयंपाकघरात जाते. गेली.

त्यानंतर पाच रात्री गेस्ट बेडरूमचा दिवा जळत होता. माझ्या लॅपटॉपवर टेक्सासचा प्रॉपर्टी कोड, आणि एचओएच्या पोर्टलवर जुने इतिवृत्तांत वाचायचे म्हणून माझा पासवर्डही घेतला, जो मी आनंदाने दिला, हे लक्षात असू द्या. सहाव्या दिवशी नाश्त्याला आले ते जिंकल्यासारखे. कलम २०२.०१८. घरमालकाने मनापासूनच्या धर्मश्रद्धेने लावलेली वस्तू एचओएला अडवता येत नाही. २०११ ला हा कायदा झाला तेव्हा फक्त दाराला किंवा चौकटीला लावलेल्या वस्तूपुरता होता आणि तीही २५ चौरस इंचांत बसली पाहिजे अशी अट होती, म्हणजे पोस्टकार्डाएवढी गुढी, पण २०२१ ला तो वाढवला, आता मालकाच्या सगळ्या जागेत चालतं. फक्त धोकादायक नको, सामायिक जागेत नको, विजेच्या खांबाला किंवा आग विझवायच्या नळाला बांधलेली नको.

"आपली पोर्चला होती," बाबा म्हणाले. "नळाला नव्हती. मी मोजून ठेवलंय."

शेजारी हैदराबादकराने वेगळाच सल्ला दिला, की काठीला वर अमेरिकेचा झेंडा लावून टाका, २००५ च्या फेडरल कायद्याने तो कुठली एचओए अडवू शकत नाही, खाली मग काय ते बांधा. त्याचाही त्याच दिवशी उगादी होता पण त्याला पत्र नाही, कारण त्यांचं दारावर आंब्याचं तोरण आणि आत पच्चडी, उरकलं. काठी लागते ती आम्हालाच.

उत्तर बाबांनी लिहिलं, सही माझी. सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' चं इंग्रजी, शेवट 'डू द नीडफुल'. मधे गुढीवर दीड पान, तांब्या उलटा का, कडुलिंब कशाला, शालिवाहन शक १९४७ कसं सुरू झालं. आणि हिअरिंगची, म्हणजे बोर्डासमोर सुनावणीची मागणी, कारण पत्र निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत मागितली तर त्यांना द्यावीच लागते, आणि हिअरिंगच्या दहा दिवस आधी त्यांनी पुराव्याचं पॅकेट मालकाला दिलं पाहिजे, नाहीतर पंधरा दिवस तारीख पुढे ढकलून मिळते. हे वाचून बाबा थोडे हळवेच झाले. "आमच्या वेळेला अशी तरतूद असती तर दुसऱ्या मजल्यावरच्याने मला किती छळलं असतं," म्हणाले.

पॅकेट आलं, अकरा दिवस आधी. बाबा किंचित नाराज.

हिअरिंग क्लबहाऊसमध्ये, संध्याकाळी सात वाजता. मी ऑफिसच्या शर्टात, बाबा कोटात. समोर बोर्डाचे तिघं, प्रेसिडेंट म्हणजे सत्तरीचे एक टेक्सन आजोबा, बूट, मोठं बक्कल, आणि पुढ्यात फायली, प्रत्येक फाइलला रंगीत चिकटपट्टी. बाबांची नजर त्या चिकटपट्ट्यांवर खिळली ती हललीच नाही. मालक मी, त्यामुळे बोलायचं मी, बाबांनी नुसतं बसायचं असं ठरलं होतं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "कोरम आहे का?"

आजोबांनी पेन खाली ठेवलं. तिघांत तिघं हजर आहेत म्हणाले, पण वार्षिक सभेला मात्र कधी होत नाही, लोक येतच नाहीत. बाबा म्हणाले आमच्याकडेही यायचे नाहीत, मग आम्ही सभा तहकूब करायचो आणि अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी घ्यायचो, तिला कोरम लागत नाही. आजोबांनी हे लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

पुढची चाळीस मिनिटं मी तिथे असण्याची काही गरज नव्हती. गुढी दोन मिनिटांत निकालात निघाली, कलम त्यांनाही माहीत होतं, चित्रगुप्ताला ते फडकं वाटलं होतं, नोंद रद्द. मग विषय निघाला थकबाकीचा. बाबा म्हणाले महाराष्ट्रात आम्हाला वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. आजोबांनी शीळच घातली. मग आजोबा म्हणाले, आम्हाला घर लिलावात काढता येतं. बाबा खुर्चीत पुढे सरकले. घर? घर. नुसत्या दंडापायी नाही, ते कायद्याने बंद आहे, पण वर्गणी थकली तर येतं काढता. आणि मग त्यांनी जरा खालच्या आवाजात ती गोष्ट सांगितली जी इथे सगळ्यांना माहीत असते, की याच फ्रिस्कोत एक आर्मी कॅप्टन इराकमध्ये तैनात असताना त्याचं तीन लाख डॉलरचं, कर्ज नसलेलं घर जेमतेम ८०० डॉलरच्या थकबाकीत लिलावाला गेलं, साडेतीन हजारांना, २०१० मध्ये देशभर बोंबाबोंब झाली, मग तडजोड होऊन त्याला ते परत मिळालं. आमची एचओए नव्हती ती, हे आजोबांनी दोनदा सांगितलं.

बाबा गप्प झाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "हे मात्र फार झालं." मग सिग्नलला, "पण वर्गणी तू वेळेवर भरतोस ना?"

भरतो. त्या रात्री ऑटो-पे लावून टाकलं.

त्यानंतर बाबांचं सकाळचं चालणं बदललं. आधी अर्धा तास जायचे, आता सव्वा. येऊन सांगायचे, कोपऱ्यावरच्याचे डबे अजून बाहेर आहेत, त्या निळ्या गाडीचं रजिस्ट्रेशन संपलंय, अमक्याने गवताच्या कडा कापलेल्या नाहीत. मी म्हटलं तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात? तर म्हणाले, बाजू कसली त्यात. एकदा ते पांढऱ्या गाडीच्या खिडकीशी उभे राहून बोलताना दिसले. चित्रगुप्त मान डोलावत होता.

आणि आई. आईला टेक्सासचं ऊन बघवेना. म्हणजे तापतं म्हणून नाही, फुकट जातं म्हणून. एवढं रणरणतं ऊन आणि लोक कपडे मशीनमध्ये वाळवतात हे तिला पापच वाटतं. पहिल्या महिन्यात तिने ड्राइव्हवेवर चादर पसरून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या, त्या बायकोने पळत जाऊन चित्रगुप्ताच्या आधी उचलल्या. तेव्हापासून सगळं मागच्या अंगणात. सहा फुटी कुंपण, रस्त्यावरून काही दिसत नाही, मागे ओढा, ओढ्यापलीकडे झाडी. आईच्या साड्या कुंपणावर खुशाल वाळायच्या, मी निर्धास्त.

ऑगस्टमध्ये पाकीट आलं. कुंपणावर कपडे वाळत घातल्याबद्दल, नियम अमुक, पोटनियम तमुक. फोटोत आईची जांभळी इरकल, आमसुली नऊवार आणि माझी हाफ पँट. मी चक्रावलोच, ड्रोन उडवला की काय यांनी? फोटो वरून काढलेला. बराच वेळ बघत बसलो तेव्हा डाव्या कोपऱ्यात एक फिकट पट्टी दिसली, ती पडद्याची होती, पिवळ्या फुलांची. असा पडदा या अख्ख्या कॉलनीत एकाच खिडकीला आहे. पोर्टल उघडलं. 'माझ्या तक्रारी' मध्ये एक नोंद. तक्रारदार, मी. तक्रार कोणाविरुद्ध, मी. खाली शेरा, सदर बाब माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर.

वर गेलो. बाबा आरामखुर्चीत चहा घेत होते, मांडीवर लॅपटॉप. मी काही न बोलता पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, उलटं करून मागची बाजू बघितली.

"या वेळेला वर्णन नेमकं आहे," म्हणाले. "तीस दिवस आहेत तुला. हिअरिंग माग."

खालून आईने विचारलं, कसलं पत्र आहे रे?