येळवशीला वाचकभेट

फोन आला तेव्हा मी दात घासत होतो, त्यामुळे मी "हो" म्हणालो की नुसतं "हूं" म्हणालो हे आजही सांगता यायचं नाही. पलीकडच्या माणसाने ते होच धरलं. "मग ठरलं सर. तुमची वाचकभेट. दुपारी बारा ते पाच. टेबल, खुर्ची, चादर आमची. पेन तेवढा तुमचा आणा."

मी अद्भुत कादंबऱ्या लिहितो. उडते घोडे, बोलणारे बुरूज, तीन तोंडांचा अजगर, असला माल. लातुरात बसून हे लिहायचं म्हणजे सोयाबीनच्या पट्ट्यात केशर लावायचं. उगवतं, नाही असं नाही. पण आडतीवर नेलं की आडत्या मूठभर हातात घेतो, वास घेतो आणि शेजारच्याला विचारतो, हे काय असतंय रे? आजवर चार कादंबऱ्या झाल्या. पहिल्या तीन नातेवाइकांच्या घरी सुखरूप आहेत. चौथी देवगिरी किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत घडते. तिच्यासाठी ही वाचकभेट होती.

परदेशात हे कसं करतात ते मी आधी नीट वाचून काढलं. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांचं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा दोनेकशे माणसं आली होती. आता हजारोंनी येतात. लेखकापुढे रांग लागते, आणि सहीसाठी एकाने एका वेळी तीनच पुस्तकं आणावीत असे नियम करावे लागतात. शिवाय 'कॉफीक्लाच' नावाचा एक प्रकार असतो. दहाएक वाचक आधी नाव नोंदवून लेखकाला एका टेबलाभोवती घेऊन बसतात आणि तासभर गप्पा हाणतात. मी बायकोला म्हणालो, "आपणही माणशी तीन पुस्तकांची मर्यादा ठेवावी का?" ती गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "कमीत कमी तीन, अशी ठेवा."

तारीख कॅलेंडरात बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. संयोजकांच्याही आलं नसावं. सकाळी निघालो तर रस्त्याने टेंपो, ट्रॅक्टर, मोटारसायकली, सगळे गावाबाहेर चाललेले. टेंपोत बायका मांडीवर आंबिलीची बिंदगी सांभाळून बसलेल्या. तेव्हा माझा दिवा पेटला. आज येळवस!

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या असते, तिलाच येळवस म्हणायचं. रानात कडब्याची कोप (खोपटं) करून पांडव मांडतात, पूजा होते आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असं जेवण होतं की माणूस उठून उभा राहण्याआधी दोनदा विचार करतो. त्या दिवशी लातूरसारख्या शहरातसुद्धा संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला मित्र असतो. ज्याला तोही नाही, तो माझ्या वाचकभेटीला येणार होता.

मांडवात पोचलो. डावीकडे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा स्टॉल, उजवीकडे बचत गटाचे पापड, मधे मी. डोक्यावर माझ्या नावाचा फ्लेक्स. 'अद्भुत' हा शब्द ओळीत मावेना म्हणून फ्लेक्सवाल्याने तो तोडला होता: 'अद्' वरच्या ओळीत, 'भुत' खालच्या. त्यात वरची ओळ मांडवाच्या बल्लीआड गेलेली. समोरून यायचा त्याला एवढंच दिसायचं: 'भुत कादंबरीकार यांना भेटा'.

पहिली भेटायला आली ती एक मावशी. टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "म्हैस पान्हवत नाही तीन दिसांपून. बाहेरचं काही असंल का?"

"मावशी, मी ते बघत नाही. मी लिहितो."

"मग लिहून द्या की."

मी लिहून दिलं: 'जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.' खाली सही केली. मावशीने कागदाची बारीक घडी केली, कपाळाला लावली आणि पदराच्या गाठीत बांधली. त्या दिवसातली ती माझी पहिली सही, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याइतक्या भक्तिभावाने कुणी घेतली नाही.

मग डावीकडच्या स्टॉलवरून घरंगळत एक पोरगा आला. पुस्तक उलटंसुलटं केलं. "हे पोलीस भरतीला येतं का?" नाही म्हणालो. त्याने ते असं जपून खाली ठेवलं की जणू माझ्या घरी काही वाईट झालं होतं.

त्यानंतर बराच वेळ कुणी आलं नाही. अशा वेळी मला पैठणचा गुणाढ्य आठवतो. अद्भुत लिहिणाऱ्यांचा आमचा मूळ पुरुष, आणि तोही मराठवाड्यातला. सोमदेवाने कथासरित्सागरात त्याची कथा दिली आहे. सातवाहन राजाला संस्कृत किती दिवसांत येईल यावर पैज लागली. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं, दुसरा म्हणाला सहा महिने. गुणाढ्य पैज हरला आणि बोलल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत, देशी सगळ्या भाषा सोडल्या. उरली पैशाची, म्हणजे पिशाचांची. तीत त्याने रानात बसून स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती परत पाठवली. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची, नको. (साभार परतीची पाकिटं मीही पाहिली आहेत, पण कारण निदान इतकं स्पष्ट कधी दिलं नाही.) मग गुणाढ्य आग पेटवून बसला. एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा. रानातली जनावरं चरणं सोडून भोवती येऊन उभी राहिली, ऐकता ऐकता डोळ्यांतून पाणी गाळू लागली. तिकडे राजाच्या ताटात वाळकं मांस यायला लागलं. चौकशी झाली तर कळलं, जनावरं खातच नाहीत, गोष्ट ऐकतात. राजा धावला तोवर सहा लाख श्लोक जळले होते, एक लाख उरले.

म्हणजे या भागात अद्भुताला वाचक मिळाले तेही तोंडचा घास सोडून. आणि माझी वेळ येळवशीला, भर जेवणाच्या प्रहरी.

दीडच्या सुमाराला एक निवृत्त गुरुजी आले. हातात फुलस्केप कागद. मला वाटलं, मानपत्र. ती चुकांची यादी होती.

"तुमचा घोडा सांजच्याला औशाहून निघतो आन् पहाटं देवगिरीला. तीनशे किलोमीटरच्या घरात जातंय हे."

"गुरुजी, तो उडतो."

"उडू द्या की. दाणापाणी लागंल का न्हाई? मांजरसुंब्याला एसटी थांबतीय, ट्रॅव्हल्स थांबतीय. घोडा कामून थांबायचा न्हाई?"

मी गप्प. त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "पान बेचाळीसला अमावस्या. चव्वेचाळीसला चंद्र उगवलाय."

"तो दुसरा चंद्र आहे."

"मग तसं लिहायचं. आम्ही एकच धरून चाललाव."

यादीत एकतीस कलमं होती. आपण पुस्तक विकत घेतलेलं नाही, काल याच स्टॉलवर उभ्याने वाचून काढलं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. जाता जाता म्हणाले, "आन् देवगिरीला अजगर कशापायी पायजे? १२९६ ला अल्लाउद्दीन खाली येऊन बसला, आन् धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं म्हणतेत. असं काही सुचतंय का बघा." खोटं कशाला बोलू, असं काही मला आजवर सुचलेलं नाही.

ते गेले आणि समोर एक फौजदार उभा राहिला. खाकी, टोपी, बगलेत काठी, मिशा कानापर्यंत. "कादंबरीकार तुम्हीच? चला चौकीत. तुमच्यावर गुन्हा दाखल आहे."

"कसला?"

"नसलेला अजगर बाळगल्याचा."

दोन सेकंद माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की मिशीचं एक टोक सुटलंय. बहुरूपी होता. परदेशात चाहते पात्रांचे पोशाख करून येतात त्याचं केवढं कौतुक. १९३९ च्या त्या पहिल्या वर्ल्डकॉनला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते भविष्यकाळातले कपडे घालून गेले होते, ते अजून सांगितलं जातं. आमच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या दारावर येतंय आणि आम्ही आतून "सुट्टे नाहीत" म्हणतो. मी वीस रुपये काढले. त्याने ते घेतले, टोपी काढून टेबलावर ठेवली, समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि माझ्यासाठी आलेला चहा प्यायला. पुस्तक चाळलं. अजगराच्या चित्रापाशी थांबला.

"सर, धंदा तुमचा-माझा एकच. खोटं घालून खऱ्यासारखं उभं राहायचं." मग फ्लेक्सकडे नजर टाकून म्हणाला, "पण तुम्ही मिशा बी लावत न्हाईत, आन् लोकांच्या दारातबी जात न्हाईत. कसं चालायचं?"

कॉफीक्लाच म्हणतात तो हाच असावा.

साडेतीनला व्यासपीठावर माझ्या पुस्तकाची चर्चा होती. प्रमुख पाहुणे कुणाच्या तरी शेतातून निघाले होते, निघाले होते, निघालेच होते. शेवटी एका प्राध्यापकांनी बाजू सांभाळली. "कादंबरीच्या मध्यावर", ते म्हणाले, "सोळा पानं शब्दशः पुन्हा देण्याचं जे धाडस लेखकाने केलं आहे, त्याला मराठीत तोड नाही." मी विनयाने मान खाली घातली. असं कोणतंही धाडस मी केलेलं नव्हतं. म्हटलं, पुस्तक न वाचता बोलताहेत, चालायचंच. समोर नऊ श्रोते होते. त्यांतल्या तिघांना मांडव सोडायचा होता आणि बाकीचे मांडवाचे होते.

पाच वाजले. आवराआवर सुरू झाली. पापडवाल्या ताईंनी जाता जाता एक पाकीट माझ्या हातात दिलं. त्यांची विक्री बरी झाली होती. तेवढ्यात एक मोटारसायकल मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली. मागून एक मुलगी उतरली, आठवीतली असेल. बोटं भज्जीने पिवळी, केसांत कडब्याचं कस्पट. छातीशी माझी कादंबरी. वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे दुमडून काळे पडलेले. म्हणजे पुस्तक वाचलेलं होतं. मी पेनाचं टोपण काढलं.

"सर, सही नको. लायब्ररीचं आहे." तिने आतला शिक्का दाखवला. पुस्तकावर काही लिहू नये. "एक विचारायचं होतं. तो अंधारीत रस्ता चुकतो, तर त्याला किती दिवस लागतात?"

"एकच रात्र."

"मग तेच ते परत कसं येतं?"

मी पुस्तक घेतलं. पान सत्त्याण्णव ते एकशेबारा. त्यानंतर पुन्हा सत्त्याण्णव ते एकशेबारा. त्यानंतर थेट एकशेएकोणतीस. बाइंडिंगला सोळा पानांचा एक फर्मा दोनदा लागला होता आणि पुढचा लागलाच नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे प्राध्यापक उभे राहिले. त्यांनी मनापासून वाचलं होतं! मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

"मला वाटलं तो फिरून फिरून तिथंच येतोय," ती म्हणाली. "आम्ही सहलीला गेलो होतो देवगिरीला. अंधारीत गाइडनी मशाल बाजूला नेली ना, तर मलाबी तसंच झालं होतं. म्हणून मी दोन्ही वेळा वाचलं. दुसऱ्या वेळेला तो जास्त घाबरलेला आहे, सर."

"पण शब्द तेच आहेत."

"हो. पण दुसऱ्या वेळेला त्याला माहीत असतंय ना."

मी काही बोललो नाही. ती पान एकशेएकोणतीसवर आली. "आन् इथं तो एकदम वर उजेडात. मधलं तुम्ही लिहिलं नाही, कारण अंधारात त्याला काही दिसलंच नाही. बरोबर?"

गहाळ सोळा पानांत माझा अजगर होता. तीन तोंडं, प्रत्येकाची बोली वेगळी, आणि पुढचे सगळे खुलासे. चार महिने घासले होते त्याच्यावर. बॅगेत धड बांधणीची प्रत होती, पैसे न घेता देता आली असती. माझा हात चेनपर्यंत गेलासुद्धा.

"बरोबर," मी म्हणालो.

वडिलांनी हॉर्न दिला. तिने पळत जाऊन गाडीवरची स्टीलची बरणी आणली. "आज्जीनं आंबील दिलीय, सर. रानातली." आणि गेली.

रात्री एसटीत मी धड प्रत काढून एकशेतेरा ते एकशेअठ्ठावीस वाचून काढली. अजगराची तीनही तोंडं एकसारखी बडबडत होती. बरणीतली आंबील संपवली आणि प्रकाशकांना फोन लावला.

"सर, कळलं मला," ते आधीच म्हणाले. "पन्नासेक प्रती तशा गेल्यात. बाइंडरला चांगला झापलाय. पुढच्या आवृत्तीला दुसरा बघतो."

"बदलू नका," मी म्हणालो. "त्याचा नंबर द्या. माझं नवं हस्तलिखित त्याला आधी दाखवायचंय."