रामा रंग निळा की हिरवा?

आमच्या घरी पंधरा दिवसांपासून एक भांडण सुरू आहे. विषय साडी. पुतण्याच्या लग्नासाठी मी आणि मोठ्या जाऊबाई नागपूरच्या इतवारी बाजारात गेलो, तीन तास गादीवर ठाण मांडून बसलो आणि एक रामा रंगाची साडी घेतली. दुकानात दोघींचंही एकमत. घरी येऊन खिडकीशी घडी मोडली आणि मी म्हणाले, "अगंबाई, ही तर निळी निघाली!" जाऊबाई म्हणाल्या, "निळी? डोळे हायेत का बटनं तुझे? हिरवीगार दिसून राहिली." नवऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, करडी. त्याचं मत कोणी मोजलं नाही.

आधी वाटलं, दुकानदाराने साडी बदलून दिली. बिचाऱ्याचा उद्धार करून झाल्यावर मुलाने मोबाइलवर तो जुना फोटो काढला. आठवतो? २०१५ सालचा, एका ड्रेसचा. स्कॉटलंडमधल्या एका लग्नात नवरीच्या आईने घालायचा होता. अर्ध्या जगाला तो पांढरा-सोनेरी दिसला, अर्ध्याला निळा-काळा. मला तेव्हाही पांढरा-सोनेरी दिसला होता, आजही दिसला. ड्रेस खरा होता निळा-काळा. म्हणजे मी चूक. जाऊबाईंना लगेच जोर चढला.

पण त्यानंतर मुलाने जे समजावलं, ते मला पटलं. डोळ्यात शिरतो तो नुसता कापडाचा रंग नसतोच. कापड आणि त्यावर पडलेला उजेड यांची खिचडी असते. ट्यूबलाइटचा उजेड वेगळा, पिवळ्या बल्बचा वेगळा, सावलीतला निळसर. मेंदू अंदाजाने त्यातला उजेड वजा करतो आणि उरलेल्याला रंग म्हणतो. म्हणूनच पिवळ्या बल्बखाली वाढलेला भात आपल्याला पांढराच वाटतो. त्या फोटोत उजेड कसला, याची धड खूण नव्हती. ज्यांच्या मेंदूने सावलीतला निळसर उजेड धरला, त्यांनी निळा वजा केला, उरला पांढरा-सोनेरी. ज्यांनी दिव्याचा पिवळा धरला, त्यांना निळा-काळा. भांडण कापडाचं नव्हतं, वजाबाकीचं होतं.

मग त्याने बुद्धिबळाच्या पटाचं चित्र दाखवलं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एडवर्ड एडेलसन यांनी केलेलं. पटावर एका नळकांड्याची सावली पडलीय. सावलीबाहेरचं एक काळं घर आणि सावलीतलं एक पांढरं घर, ही दोन्ही म्हणे तंतोतंत एकाच करड्या छटेची. मी म्हटलं, शक्यच नाही. कागदाला दोन भोकं पाडून स्क्रीनवर ठेवला, तर खरंच एक! कागद काढला की पुन्हा एक काळं, एक पांढरं. दहा वेळा केलं. माहीत असूनही फरक पडत नाही, हे मला सगळ्यात लागलं. कळलं म्हणून दिसणं सुधारत नाही.

स्टेशनवर शेजारची गाडी हलते आणि आपलीच निघाली असं वाटतं, तसंच. आयुष्यभर त्या प्लॅटफॉर्मवर गेले तरी दर वेळी पोटात गोळा येतोच.

आणि चंद्र. कोजागिरीला आमच्या गच्चीवरून पारडीच्या बाजूला उगवतो तेव्हा परातीएवढा वाटतो. हात लांब करून करंगळीचं नख त्याच्यासमोर धरा. तो नखाआड झाकला जातो. डोक्यावर आल्यावरही तेवढाच. उलट उगवताना तो आपल्यापासून जवळपास सहा हजार किलोमीटर जास्त लांब असतो, म्हणजे किंचित लहानच दिसायला हवा. मग मोठा का वाटतो, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं.

मे महिन्यात वर्धा रोडवर दिसणारं पाणी मात्र या पंगतीत बसत नाही. ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातही येतं. डांबराला चिकटलेली हवा तापून विरळ होते, आकाशाचा उजेड तिथे वाकून वर डोळ्यांकडे येतो. तिथवर काम उन्हाचं. त्या चकाकीला 'पाणी' हे नाव देणं तेवढं आपलं.

आता माझी तक्रार. व्हॉट्सअॅपवर ही चित्रं येतात ती 'तुम्हाला आधी काय दिसलं त्यावरून तुमचा स्वभाव ओळखा' किंवा 'फक्त हुशार लोकांनाच दिसेल' असल्या मथळ्याखाली. स्वभाव कसला डोंबलाचा! दुसरा प्रकार, 'डोळे धोका देतात' म्हणणाऱ्यांचा. भात पांढरा दाखवणारी हातचलाखी आणि पटावर फसवणारी हातचलाखी एकच आहे हो. ती नसती तर दुपारी घेतलेलं वांगं संध्याकाळी स्वयंपाकघरात ओळखू आलं नसतं. दिवसभर राबणाऱ्या बाईची एक पोळी करपली म्हणून तिला फसवी म्हणायचं का?

माझा खरा राग 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' या वाक्यावर आहे. आमच्याकडे ते म्हटलं की विषय संपतो. पुढे बोलाल तर तुम्ही समोरच्याला खोटं पाडताय. अरे, खरं बोलणारी दोन माणसंही दोन रंग पाहू शकतात ना! हे मी जाऊबाईंना सांगून पाहिलं. "म्हणजे शेवटी निळीच म्हणून राहिली ना तू?" त्या म्हणाल्या.

काल ब्लाउजपीस घ्यायला बर्डीवर गेलो, मॅचिंग सेंटरमध्ये. आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो, तर तो पोरगा म्हणाला, "इथं नका पाहू ताई, बाहेर चला." भर दुपारच्या उन्हात फुटपाथवर त्याने साडीचा पदर धरला, तीन तागे लावून पाहिले, तिसरा काढला. चपखल. जाऊबाईही काही बोलल्या नाहीत. मग बिल फाडताना त्याने पेन उचललं आणि आम्ही दोघी वाकून पाहायला लागलो, रंगाच्या जागी काय लिहितो ते.

त्याने शेडचा नंबर लिहिला.