इजिप्तनं आपल्याच सुईचा हिशेब मांडला

स्टीलची लांबट डबी. आत काचेची सिरिंज, दोन जाड सुया आणि चिमटा. खाली स्पिरिटचा दिवा. पाणी उकळायला लागलं की डबीचं झाकण थडथडायचं आणि ओसरीवर ओळीनं बसलेली आम्ही पोरं आईच्या पदराआड सरकायचो. आठवड्यातून दोनदा गावात येणारे ते कंपाउंडर मनानं फार चांगले होते. कुणाकडे पैसे नसले तर मागायचे नाहीत. पण गर्दी असली की पाणी पुन्हा उकळायला वेळ कुठला? सुई कोमट पाण्यातून काढायची, कापसानं पुसायची आणि पुढच्याच्या दंडात टोचायची. बोथट झालेली सुई ते दगडावर घासायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

हे आज आठवायचं कारण आहे इजिप्त.

मी एकवीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करते. प्रत्येक पिशवीतलं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासायचं, हे माझं रोजचं काम. त्यातलं हिपॅटायटिस सी हे नाव माझ्यासाठी नुसतं अहवालावरचं नाही. माझ्या आत्याला १९९१ साली बाळंतपणात तीन बाटल्या रक्त चढवलं. तेव्हा आपल्याकडे दात्याच्या रक्ताची ही तपासणी होत नव्हती, ती सक्तीची झाली २००१ मध्ये. आत्याला २००९ मध्ये पोटात पाणी होऊ लागलं तेव्हा कळलं, की अठरा वर्षं हा विषाणू तिचं यकृत खात बसला होता. इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू केली. दर इंजेक्शननंतर रात्रभर ताप, अंग ठणकायचं, केस गळायचे, जेवण नकोसं व्हायचं. पैसेही संपत आले आणि तिची सोसायची ताकदही. तिनं ते अर्ध्यावर सोडलं. मार्च २०१३ मध्ये ती गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत हा विषाणू घालवणाऱ्या सोफोस्बुवीर या गोळीला मंजुरी मिळाली. मध्ये नऊ महिने. तेव्हापासून या आजाराबद्दल जे हाताला लागेल ते मी वाचते, आणि वाचता वाचता पुन्हा पुन्हा इजिप्तपाशी येऊन थांबते.

नाईलच्या काठच्या शेतकऱ्याला फार जुना एक आजार, बिल्हार्झिया. कालव्याच्या पाण्यातल्या गोगलगाईंत वाढलेली सूक्ष्म अळी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरते, रक्तवाहिन्यांत मोठी होते आणि लघवीतून रक्त पडायला लागतं. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला हा कृमी १८५१ मध्ये कैरोतच सापडला. बारमाही कालवे आले, कापूस आला, शेतकऱ्याचे पाय वर्षभर पाण्यात राहू लागले आणि आजार घरोघरी पोचला. साऱ्या अरब जगाला वेड लावणारा गायक अब्देल हलीम हाफेझ लहानपणी असाच गावच्या कालव्यात खेळला होता. १९७७ मध्ये अवघ्या ४७ व्या वर्षी त्याच आजाराच्या दुखण्यानं तो गेला.

(आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात हाच लघवीचा बिल्हार्झिया सापडल्याचं गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी १९५२ मध्ये नोंदवलं होतं. भारतात या आजाराचं ठाणं म्हणून वैद्यकीय लिखाणात जे नाव येतं, ते कोकणातल्या या गावाचं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचून खात्री केली.)

सरकारनं यावर हात बांधून बसायचं नाही असं ठरवलं. १९५० ते १९८० च्या दशकापर्यंत गावोगावी मोहिमा झाल्या. औषध होतं टार्टर एमेटिक, अँटिमनीचं क्षार, थेट शिरेतून द्यायचं. एकदा देऊन भागत नसे, आठवड्याला एक अशी बारा-सोळा इंजेक्शनं. १९६४ ते १९८२ या काळात वर्षाला सरासरी अडीच लाख माणसांना वीस लाखांवर इंजेक्शनं दिली गेली. सिरिंजा काचेच्या, सुया त्याच त्या, रांग लांब आणि उकळायला वेळ अपुरा. त्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी रोज शेकडो माणसांचं दुखणं कमी केलं. हिपॅटायटिस सीच्या विषाणूचा शोधच मुळी १९८९ मध्ये लागला, तेव्हा आपण सुईच्या टोकावरून काय पुढे सरकवतोय हे त्यांना कळणार कसं? त्या कंपाउंडर काकांचा चेहरा मला इथंच दिसतो.

पुढे प्राझिक्वांटेलची गोळी आली, सुया थांबल्या, बिल्हार्झिया हटत गेला. आणि मागे राहिलं ते भयंकर होतं. २००८ च्या सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या इजिप्शियन माणसांपैकी १४.७ टक्क्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी, म्हणजे हा विषाणू कधीतरी शरीरात शिरल्याची खूण, सापडली. सातातल्या एकाच्या! सबंध जगात इतकं प्रमाण कुठंच नव्हतं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. असा आकडा हातात आल्यावर कुठलंही सरकार काय म्हणेल? लोक अस्वच्छ आहेत, न्हाव्याकडे जातात, गावठी वैदूकडे जातात. दोष रुग्णावर ढकलायला कारणांना तोटा नसतो. पण २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात इजिप्शियन संशोधकही होते. कुठल्या भागात किती इंजेक्शनं दिली गेली आणि तिथं कुठल्या वयाच्या लोकांत विषाणू किती, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. जिथं मोहीम जोरात, तिथं आजार जास्त. मोहिमा बंद पडत गेल्या त्या काळात जन्मलेल्यांत कमी. त्यांनी सरळ लिहिलं, की डॉक्टरी उपचारातून पसरलेला हा कदाचित जगातला सर्वांत मोठा संसर्ग असावा. पुढे दुसऱ्या संशोधकांनी विषाणूच्या जनुकांमधले बदल मोजत मोजत काळात मागे जाऊन पाहिलं, तरी त्याची वाढ विसाव्या शतकातल्या त्या सुयांच्या काळाकडेच बोट दाखवत होती.

आपल्याच आरोग्य खात्याच्या, आपल्याच चांगल्या हेतूच्या मोहिमेतून आपल्याच लोकांना हे झालं, हे जगासमोर छापायला छाती लागते. आणि हे छापलं म्हणूनच पुढचं सगळं घडलं असं माझं ठाम मत आहे. चूक आपली आहे हे एकदा कबूल केलं की रुग्ण ओशाळा राहत नाही. त्याला बरं करणं हे मग देणं होतं.

वाट सरळ मात्र नव्हती. फेब्रुवारी २०१४ मध्ये इजिप्तच्या लष्करातर्फे पत्रकार परिषद घेऊन सांगितलं गेलं, की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही बरं करणारं यंत्र सापडलंय. टाळ्या वाजल्या, टीव्हीवर कौतुक झालं. राष्ट्राध्यक्षांचेच वैज्ञानिक सल्लागार असलेले एसाम हेगी यांनी हे विज्ञान नाही, ही देशाची नाचक्की आहे असं जाहीरपणे सांगितलं. त्या वातावरणात ते बोलणं किती महाग पडू शकलं असतं! पण माणूस बोलला.

त्याच वर्षी दुसरीकडे खरं काम चाललं होतं. अमेरिकेत सोफोस्बुवीरच्या एका गोळीची किंमत १,००० डॉलर, बारा आठवड्यांच्या कोर्सची ८४,०००. इजिप्तनं कंपनीशी घासाघीस करून तोच कोर्स ९०० डॉलरला मिळवला. नोंदणीसाठी संकेतस्थळ उघडलं आणि पहिल्या काही दिवसांतच लाखांवर लोकांनी नावं घातली. इजिप्तच्या पेटंट कार्यालयानं या औषधाचं पेटंट नाकारलं, त्यामुळे देशातल्याच कारखान्यांनी गोळ्या बनवल्या आणि किंमत घसरत घसरत सोफोस्बुवीर आणि तिच्या जोडीनं द्यायची डॅक्लाटॅसवीर अशा दोन्ही औषधांच्या सबंध कोर्सला साधारण ४५ डॉलरवर आली. ही गोळी मुळात शोधणाऱ्या कंपनीचे एक संस्थापक, रेमंड शिनाझी, जन्मानं अलेक्झांड्रियाचे. लहानपणी कुटुंबासह देश सोडावा लागलेल्या मुलाच्या कामातून आलेली गोळी त्याच्याच मातीतल्या लाखो माणसांच्या पोटात गेली, हे मला फार हलवून जातं.

पण नुसत्या स्वस्त गोळीनं काही होत नाही. आपल्याकडेही गोळी स्वस्त आहे. भारतीय कंपन्यांना २०१४ मध्येच परवाने मिळाले, पंजाबनं २०१६ पासून फुकट उपचार सुरू केले आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. तरी २०२२ मध्ये भारतात या विषाणूचे ५५ लाख रुग्ण असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कारण या आजाराचा रुग्ण दवाखान्यात येतच नाही. त्याला काही होतच नसतं! वीस वर्षं काही होत नाही, आणि होतं तेव्हा यकृत वाळलेलं असतं.

हे इजिप्तच्या संशोधकांनी नेमकं ओळखलं. प्राध्यापक गमाल शिहा यांच्या संस्थेनं नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यांत आधी काम करून पाहिलं. गावातलेच स्वयंसेवक घरोघर जाऊन आधी समजावून सांगायचे, मग तपासायचे, मग तिथंच उपचार. अशी ७३ गावं केली आणि मग ते शास्त्रीय नियतकालिकात लिहिलं. माणूस आपल्याकडे येईल याची वाट बघत बसायचं नाही, आपण त्याच्या दारात जायचं.

मग देशानं तेच केलं. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९, सात महिन्यांत, ‘दहा कोटी निरोगी जीव’ अशा नावाची मोहीम. अठरा वर्षांवरच्या सव्वासहा कोटी लोकांपर्यंत पोचायचं ठरलं आणि ४ कोटी ९६ लाख लोक तपासले गेले. बोटाला टोचून एक थेंब रक्त, थोड्या वेळात निकाल. त्याच टेबलावर रक्तदाब, साखर आणि वजनही. (हे मला फार शहाणपणाचं वाटलं. ‘साखर तपासायला चाललोय’ असं सांगता येतं, मग रांगेत उभं राहायची लाज वाटत नाही.) जवळजवळ २२ लाख लोकांत अँटिबॉडी सापडली, त्यांना जवळच्या केंद्रात पाठवून विषाणू खरंच आहे का ते पाहिलं आणि गोळ्या सुरू केल्या. ज्यांचा शेवटचा निकाल नोंदला गेला, त्यांतले ९८.८ टक्के बरे झाले. डॉ. इमाम वाकेद आणि सहकाऱ्यांनी हा सगळा हिशेब २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. एक रुग्ण शोधून बरा करायला खर्च आला सुमारे १३१ डॉलर. आत्याच्या इंटरफेरॉनच्या पावत्या अजून आमच्या कपाटात आहेत. मी त्या काढून बघितल्या नाहीत, हिंमत झाली नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं इजिप्तला हिपॅटायटिस सीच्या उच्चाटनाच्या वाटेवरचा सुवर्ण दर्जा दिला. हा दर्जा मिळवणारा जगातला पहिला देश. प्रमाण ०.३८ टक्क्यांवर आलं होतं. जो देश जगात सर्वांत वर होता, तो!

संपलं का? नाही, आणि तिथले डॉक्टरही संपलं म्हणत नाहीत. विषाणू गेला तरी ज्यांचं यकृत आधीच कठीण झालंय त्यांना कर्करोगाचा धोका राहतोच. त्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला बोलवत राहावं लागतं आणि बरा झालेला माणूस पुन्हा दवाखान्यात यायला तयार नसतो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीतल्या एका शिबिरातली पिशवी माझ्या टेबलावर हिपॅटायटिस सीसाठी रिॲक्टिव्ह, म्हणजे संशयित, आली. दाता पन्नाशीचा शेतकरी, नववी-दहावी वेळ असेल रक्त देण्याची, पण मध्ये बऱ्याच वर्षांचा खंड. समुपदेशकासोबत मीही बसले. ते सारखं एकच म्हणत होते, “ताई, मी दारूला शिवत नाही हो. बाहेरचा नाद नाही. पोरांची शपथ.” मी त्यांना मध्येच थांबवून विचारलं, लहानपणी सुई घेतली होती का, काचेची? ते गप्प झाले. मग म्हणाले, “आमच्याकडं बुधवारी यायचे एकजण. सगळ्या आळीला द्यायचे.”

मग मी त्यांना इजिप्तची गोष्ट सांगितली. सगळी. तुमच्या हातून काही वाईट झालेलं नाही, हे सांगायला माझ्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं. त्यांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले.

जिल्हा रुग्णालयातून त्यांना औषध मिळालं, चौऱ्याऐंशी दिवसांचं, एक दिवस न चुकवता घेतलं. नंतर तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही. तो कागद घेऊन ते रक्तपेढीत आले, बरोबर आळीतली अकरा माणसं, तपासून घ्यायला. त्यांना रुग्णालयात कुठं जायचं ते मी लिहून दिलं. निघताना ते माझ्यापाशी थांबले आणि विचारलं, “आता मला परत रक्त देता येईल ना?”

नाही म्हणावं लागलं. विषाणू गेला तरी अँटिबॉडी रक्तात राहते, आमच्या मशीनला ती दिसणारच. ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “बरं. मग पोराला पाठवतो.”