टिनावरच्या विटा अन् उलटं येणारं गडर

नागपूरच्या गोकुळपेठेतल्या चहाच्या टपरीवर वाद पेटला तो टिनाच्या शेडवरून. ठेकेदाराचं म्हणणं, गच्चीवर टिन टाकायचं, वर विटा ठेवायच्या, विषय संपला. शिवाय वादळाची तयारी मे महिन्यात करायची असते, डिसेंबरात कोण करून राहिलं?

मास्तरांनी आधी दुसरा मुद्दा खोडला. हिवाळ्यात उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा, सरकतो, बंगालच्या उपसागरावरून दमट हवा आत येते, आणि दोघांची गाठ मध्य भारतावर पडली की ढग सरळ वर चढतात. थंडीत शून्य अंशाची पातळी खाली उतरलेली असते, त्यामुळे गार वाटेत वितळून जात नाही, अख्खी जमिनीवर येते. 2014 चे फेब्रुवारी-मार्च आणि 2018 चा फेब्रुवारी विदर्भ विसरलेला नाही. मान्सूनची चर्चा निदान आठवडाभर आधी सुरू होते. या वादळात दुपारी चारला आभाळ काळं, साडेचारला गारा. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा सकाळी बघायचाच, पण खरं कामाचं ते तीन तासांपुरतं तातडीचं अनुमान. ते आलं की गच्चीवर जायचं नाही, गच्चीवरून खाली यायचं. बांधाबांध त्याच्या आधीच झालेली हवी.

"अन् विटांचं काय?" ठेकेदार.

वेल्डरनं सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडला. वाऱ्याचा वेग मीटर-सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 नं गुणा, चौरस मीटरमागचा दाब न्यूटनमध्ये निघतो. ताशी 80 किलोमीटरचा वारा म्हणजे चौरस मीटरला साधारण 30 किलो. दहा फूट बाय साडेतीन फुटाचं टिन सव्वातीन चौरस मीटर भरतं, म्हणजे त्याला वर ओढणारा जोर शंभर किलोच्या आसपास. टिनाचं वजन पंधरा किलो, वर सहा विटा ठेवल्या तर अठरा. बेरीज तेहतीस. "शंभराशी तेहतीस कुस्ती कशी खेळणार, सांग ना भाऊ." कडेला आणि कोपऱ्यात तर हा ओढा याहून जास्त असतो. इमारतीच्या मानकात नागपूरसाठी मूळ वेग 44 मीटर-सेकंद धरलाय, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. आणि टिन उडालं की त्या सहा विटा शेजाऱ्याच्या अंगणात.

मग करायचं काय, यावर वेल्डर बराच वेळ बोलला. टिनाखालच्या आडव्या पाइपांतलं अंतर चार फुटांपेक्षा जास्त नको. टिन भिंतीबाहेर एक फुटापेक्षा जास्त काढायचं नाही, वारा पहिल्यांदा तिथंच बोटं घालतो. शेवटच्या दोन्ही पाइपांवर प्रत्येक लाटेला स्क्रू, मधे एकाआड एक चालेल. स्क्रू लाटेच्या माथ्यावर, खळग्यात मारला तर पहिल्याच पावसात गळतो. खाली रबरी वॉशर, आणि तो चेपून बाहेर येईपर्यंत आवळायचा नाही, कारण फुटलेलं रबर एका उन्हाळ्यात झडतं आणि भोक मोठं होत जातं. जुन्या शेडला जे-हुक, म्हणजे टिन पाइपला धरणारे वाकडे बोल्ट, असतील तर प्रत्येक नट पान्यानं तपासा, गंजलेला नट नुसता बघून कळत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते खाली. टिन पाइपला पक्कं, पण खांब साडेचार इंची पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला, दोन खिळ्यांवर टेकलेला. मग टिन सुटत नाही, अख्खी शेड पॅरापेटसकट जाते. खांबाला बेसप्लेट, प्रत्येक प्लेटला चार अँकर बोल्ट, आणि तेही स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये. विटेत नाही.

खिडकीबाहेरच्या कूलरचा विषय मास्तरांनी काढला. उन्हाळ्यात टाकीत पाणी असतं म्हणून कूलर जागेवर राहतो. थंडीत रिकामा डबा स्टँडवर टांगलेला, खाली लोकांची ये-जा. एक तर काढून आत घ्या, नाहीतर ग्रिलला दोन ठिकाणी जाड जीआय तारेनं बांधा. प्लास्टिकची सुतळी उन्हानं कुजते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीलाही हेच लागू. वादळाचा इशारा असला की टाकी भरून ठेवा, झाकणाला तार घाला. वजनही मिळतं आणि लाइन गेली तर दोन दिवसांचं पाणीही.

"आता पाणी काढायचं बोला," ठेकेदार म्हणाला. हा त्याचा प्रांत.

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाला 100 मिलिमीटर पाऊस झाला तर नऊ हजार तीनशे लिटर पाणी खाली उतरवायचं असतं. अशा पावसात चार इंची एक पाइप चाळीसेक चौरस मीटर सांभाळतो, म्हणजे दोन पाइप कमीच, तिसरा हवा. बऱ्याच जुन्या घरांना एकच असतो. हिवाळी वादळाची गंमत अशी की त्याच दिवसांत कडुनिंब पानं गाळतो. पानं आणि गारा मिळून सपाट जाळीवर थर बसतो, गारा लवकर वितळत नाहीत, आणि गच्चीचं तळं होतं. एक इंच पाणी साचलं की स्लॅबवर सव्वादोन टनांहून जास्त बोजा. म्हणून सपाट जाळी काढून घुमटासारखी उंच जाळी बसवा, आणि पॅरापेटला फरशीपासून तीन इंचांवर आडवा दोन इंची पाइप सोडा. मुख्य पाइप तुंबला तर पाणी तिथून बाहेर दिसतं आणि माणूस जागा होतो.

वायरमन तोवर गप्प होता. त्याचा पहिलाच प्रश्न: "मेन बंद केला तर घर बंद झालं का?"

झालं, असं ठेकेदार म्हणाला आणि फसला. मेन पाडला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि तेच घर बॅटरीवरून 230 व्होल्ट घेतं. पाणी शिरायची चिन्हं दिसली की मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करायचे, आणि ते पाणी यायच्या आधी. मीटर पार्किंगमध्ये असेल आणि पाय ओले असतील तर हात लावायचाच नाही, 1912 वर महावितरणला कळवायचं. बॅटरी जमिनीवरून निदान अडीच फूट उचला. गच्चीवर सोलर असेल तर लाइन गेल्यावर सोलरचा इन्व्हर्टर थांबतो, पण ऊन असेपर्यंत पॅनलपासून येणारी डीसी वायर जिवंतच असते. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो जास्त भार आणि शॉर्टसर्किटसाठी आहे. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटला तोडतो तो 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा, पडला नाही तर तो नुसता शोभेला आहे.

खरी जुंपली ती गडरवर, म्हणजे सांडपाण्याच्या गटारावर. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीनं अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोरभवन बसस्थानक असं सगळं पाण्याखाली घेतलं. तेव्हापासून ठेकेदार लोकांच्या गेटला वाळूची पोती सुचवतो. मास्तरांचं म्हणणं, रस्ते सिमेंटचे झाले, प्लॉट खाली राहिले, आता पाणी गेटच्या आधी संडासाच्या भांड्यातून येते.

पोत्यांबद्दल मात्र दुमत नव्हतं. पोतं अर्ध्याहून थोडं जास्तच भरा, तोंड न बांधता दुमडून खाली दाबा, विटांसारखे सांधे चुकवा, खाली जाड प्लास्टिक. गच्च भरलेली पोती गोल होतात आणि फटीतून पाणी जातं. साध्या दाराला फूटभर उंचीसाठी डझनभर पुरतात. पण बाहेर तीन फूट पाणी चढलं तर दर मीटर रुंदीवर चारशे किलोचा रेटा येतो, साडेचार इंची कंपाउंड भिंत तो झेलत नाही. दोन फुटांनंतर पोत्यांचा नाद सोडून सामान आणि माणसं वर न्यायची.

गडरसाठी मास्तर म्हणतात, घराच्या शेवटच्या चेंबरात नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, टाका. ठेकेदाराचा आक्षेप चुकीचा नाही: झडप बंद असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, वरच्या मजल्यानं एक फ्लश ओढला की खालच्याच्या बाथरूममध्ये निघतो. शिवाय झडपेत केस, कापड, प्लास्टिक अडकलं की ती अर्धी उघडी राहते आणि लोक व्हॉल्व आहे म्हणून झोपून राहतात. मास्तर म्हणाले, मग तीन महिन्यांनी उघडून धुवा, आणि पाऊस चालू असताना वरच्यांना नळ बंद ठेवायला सांगा.

"सांगतात अन् ऐकतात?"

वेल्डरनं मधला तोडगा काढला. तळमजल्याची लाइन वेगळी काढायची, व्हॉल्व फक्त तिच्यावर, वरचे मजले त्याच्या पुढच्या चेंबरात जोडायचे. खोदकाम वाढतं, पण भांडण मिटतं. तोवर भांड्यात प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली वाळू आणि फरशीच्या जाळीवर रबर टाकून वर पाण्यानं भरलेली बादली.

जमिनीखालच्या टाक्यात पुराचं पाणी गेलं असेल तर त्यात औषध टाकून वापरायचं नाही. पूर्ण उपसा, घासा, पुन्हा भरा. मग स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, तासभर थांबून वापर. टाक्याचं झाकण फरशीच्या बरोबरीत असेल तर भोवती फूटभर उंच कठडा बांधा. त्याला ठेकेदारानंही मान हलवली, पण व्हॉल्वला नाही. आधी चेंबर उघडून उतार किती मिळतो ते पाहू, म्हणे, मग बोला.