मधला दुवा लेखात आलेलाच नाही
युरोपातील लक्झेंबर्ग या छोट्या देशाच्या विकास साहाय्याचे (म्हणजे गरीब देशांना दिल्या जाणाऱ्या मदतीचे) कौतुक करणारा लेख वाचला. असा देश मोठ्या भागीदार संस्थेला निधी देतो आणि तिच्यामार्फत तो पाड्यापाड्यांवरील छोट्या संस्थांपर्यंत झिरपतो, हे लेखातील विधान भारताला लागू पडत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी नियमन कायद्यानुसार एका संस्थेने स्वीकारलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, मग त्या दुसऱ्या संस्थेकडे स्वतंत्र नोंदणी असली तरीही. नौपाड्यातील एका दोन खोल्यांच्या कार्यालयात बसून मी शहापूर तालुक्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे हिशेब अनेक वर्षे लिहिले आहेत. मुंबईतील मोठ्या संस्थेकडून येणारा हप्ता या दुरुस्तीच्या वर्षी बंद झाला, तेव्हा एका पाड्यावरील विहिरीचे कठड्यापर्यंत आलेले काम तसेच राहिले आणि सिमेंटच्या उरलेल्या गोण्या पावसाळ्यात दगड झाल्या.

सात लाखांहूनही कमी लोकसंख्येचा (म्हणजे आपल्या ठाणे शहराच्या निम्म्याहूनही लहान) देश राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १ टक्का विकास साहाय्यावर खर्च करतो, याचे लेखकाने केलेले कौतुक रास्तच आहे. संयुक्त राष्ट्रांचे १९७० चे ०.७ टक्क्यांचे उद्दिष्ट कित्येक श्रीमंत देशांना आजही गाठता आलेले नाही. मात्र परदेशी देणगीतून करता येणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या त्याच दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आणली, आणि कार्यालयाचे भाडे, वीजबिल, हिशेबनिसाचा पगार हे सारे त्यातच धरले जाते, याचाही उल्लेख लेखात हवा होता.