सातबारा, फेरफार आणि थ्री नॉट थ्री: एका प्रतिक्रियेला उत्तर

टेक्सासहून लिहिणाऱ्या दादांना नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा चिडलो. रात्री परत वाचली, तेव्हा त्यातला एक मुद्दा बिनतोड आहे हे लक्षात आलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या १९४३ सालच्या दोन ली-एनफिल्ड, म्हणजे थ्री नॉट थ्री रायफली शेजारी ठेवून बघितल्या होत्या, दोन्ही 'मार्क तीन स्टार' या नमुन्याच्या. एक माझी, मळकट, बोल्टवरचा (काडतूस आत ढकलून कोंडणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) नंबर खोडून दुसरा ठोकलेली. दुसरी इथे ओहायोतल्या एका गन शोमध्ये टेबलावर होती, आरशासारखी. मी पहिलीला वरचा नंबर दिला. त्यावर दादांनी लिहिलं: 'तुम्ही संग्राहक नाही, तलाठी आहात. सातबारा जुळला की जमीन चांगली! माझी रायफल मी स्वतः घासून पॉलिश केली आहे, ती इटलीत मराठा पलटणीबरोबर लढलेली आहे, आणि मार्क तीन स्टारला कट-ऑफची खाच असूच शकत नाही हे तुमचं विधान साफ चूक आहे.'

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. कट-ऑफ म्हणजे मॅगझिनवर सरकणारी पत्र्याची झडप. ती बंद केली की शिपायाने एकेक काडतूस हाताने भरायचं आणि आतली दहा राखून ठेवायची. जानेवारी १९१६ मध्ये मार्क तीन स्टार मंजूर झाला तो पहिल्या महायुद्धाच्या घाईत काम कमी व्हावं म्हणून. कट-ऑफ, लांब पल्ल्याचा नेम धरायची व्हॉली साइट, हे गाळायला मुभा मिळाली. मुभा होती, सक्ती नव्हे. तयार भाग पडून होते ते कारखान्यांनी वापरले. तेव्हा स्टार आणि खाच एकाच रायफलीवर दिसली म्हणून ती जोडतोड ठरत नाही. लेखातलं वाक्य बदललं आहे.

आता तलाठी. म्हणा खुशाल. पण मग फेरफारही समजून घ्या. माझ्या बोल्टच्या मुठीमागे जुन्या नंबरावर एक सरळ आडवी रेघ आहे आणि खाली रायफलीचाच नंबर त्याच ठेवणीच्या अक्षरांत ठोकलाय. हे काम आर्मररचं, म्हणजे सैन्यातल्या हत्यार दुरुस्त करणाऱ्याचं. जुना बोल्ट झिजला, भांडारातून दुसरा आला, त्याने तो बसवून पाहिला आणि नोंद केली. कारखान्यात जन्मापासून जुळलेल्या रायफलीइतका भाव याला येत नाही, कबूल. पण नोंद आहे, पान फाडलेलं नाही. गन शोमधल्या त्या चकचकीत रायफलीच्या बोल्टवर नंबरच नव्हता. तिथे नुसता गुळगुळीत, किंचित खोलगट लोखंडी पृष्ठभाग होता.

आणि हे नंबर काही नुसत्या हौसेचे नाहीत. या बोल्टची पकड मागच्या बाजूला असते, दोन्ही कडा सारख्या टेकाव्या लागतात. कुठल्यातरी पेटीतून उचललेला बोल्ट घातला तर काडतुसाच्या बुडाची जागा सैल होऊ शकते. थ्री नॉट थ्रीला ती ०.०६४ ते ०.०७४ इंच हवी. त्याहून जास्त झाली तर काडतुसाचं पितळ बुडाशी फाटू शकतं, तेही तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर. 'कधी झाडली तरी आहे का?' असं विचारलंत. झाडली आहे, पण गेजने (मापाच्या चकतीने) ही जागा मोजून घेतल्यावर.

पॉलिशबद्दल मात्र मी मागे हटणार नाही, कारण हे पाप मी स्वतः केलंय. पहिली रायफल घेतली तेव्हा एका रविवारी स्टीलवुल आणि सॅंडपेपर घेऊन बसलो. संध्याकाळी दस्ता गुळगुळीत झाला, बायकोनेही कौतुक केलं. दोन वर्षांनी एका जाणत्या म्हाताऱ्याने ती हातात घेतली, दस्त्याच्या टोकाच्या पितळी पट्टीवरून नख फिरवलं आणि न बोलता परत दिली. नख अडकत होतं. मूळ रायफलीत लाकूड पितळाच्या बरोबरीने किंवा केसभर वर असतं. घासलं की लाकूड खाली जातं आणि पितळेची कड उघडी पडते. तुमच्या रायफलीवर हे आत्ता करून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. लाकूड कोरडं वाटत असेल तर जवसाचं कच्चं तेल हाताने चोळा. सैन्यातही तेच करत, व्हार्निश नव्हे.

धातूचंही तसंच. दस्त्याच्या गळ्याशी उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली जी. आर. आय. (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), मग इशापूर आणि साल. ठोकलेल्या अक्षराची कड नखाला टोचते. पॉलिशच्या चाकाखाली गेलेलं अक्षर मऊ होतं, साबणावरच्या नावासारखं.

नळी बघताना लोक मागून उजेड धरतात आणि 'लखलखीत आहे' म्हणतात. जास्त खरं तोंडाशी कळतं. बिनदारूचं डमी काडतूस घेऊन गोळीचं टोक नळीच्या तोंडात घाला. काडतुसाच्या गळ्यापर्यंत ती आत गेली तर तोंड झिजलंय. पुष्कळदा ही झीज गोळ्यांनी होत नाही, साफसफाईच्या दोरीने होते. वाळू लागलेली दोरी शिपाई रोज एकाच बाजूने ओढायचे. त्यात जुन्या प्रायमरचं (काडतूस पेटवणाऱ्या टोपीचं) मीठ आणि बंगालचा दमटपणा. उकळतं पाणी ओतून नळी धुतली नाही तर आत गंजाचे खड्डे ठरलेले.

इटलीबद्दल. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते नाव ऐकलं की माझाही ऊर भरतो, विकणाऱ्यालाही तुमचं आडनाव वाचता येतं. पलटणीच्या खुणा पूर्वी दस्त्यावरच्या पितळी चकतीवर कोरत. युद्धकाळच्या बहुतेक रायफलींना ती चकतीच नसते. कागद नसेल तर इटलीचे पैसे देऊ नका. हिंदुस्थानात दुरुस्त झाल्याची खूण मात्र सापडू शकते: पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू. लाकूड चिरू नये म्हणून तो घालत, आणि तो ब्रिटनच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या रायफलीवरही दिसतो, ती भारतात नांदली असेल तर.

एक विनंती. मागच्या साइटची पट्टी उचला आणि खालच्या बाजूचा नंबर वाचा. पॉलिशवाल्यांचा हात तिथे सहसा पोचत नाही. मग नाकाडाच्या टोपीवरचा, म्हणजे नळीच्या तोंडाशी लाकडावर बसवलेल्या लोखंडी टोपीवरचा वाचा. दोन्हींचे फोटो इथेच टाका, स्क्रूचाही. बोल्टच्या मुठीमागचा आता दिसत नसेल, तरी टाका.