'शंभर फ्रेझल व्हर्ब पाठ करा, इंग्रजी फाडफाड बोला': म्हणे!

व्हॉट्सॲपवर सध्या एक पीडीएफ फिरतेय. सात दिवसांत शंभर फ्रेझल व्हर्ब, म्हणजे 'टर्न ऑफ'सारख्या क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या जोड्या, पाठ करायचे की इंग्रजी आलंच. प्रत्येकासमोर 'बरोबर'चं चिन्ह टाकून मराठीत एकेक अर्थ दिलाय, खाली 'युक्त्या': अर्थ आठवला नाही तर अप म्हणजे वर, ऑफ म्हणजे बंद, आउट म्हणजे बाहेर असं जोडून घ्या, जोडीतले शब्द कधीही तोडू नका, नोकरीच्या अर्जात जितके जास्त वापराल तितकी छाप जास्त. आणि अर्थातच, दहा जणांना पाठवा.

त्या दहांत माझी भाची निघाली. तिची कस्टमर केअरच्या नोकरीसाठी खटपट चाललीय. 'मावशी, अर्जावर एक नजर टाक ना,' म्हणून तिनं मसुदा पाठवला. ग्राहकांचं म्हणणं मला नीट समजतं, हे सांगायला बाईसाहेबांनी लिहिलं होतं: 'आय कॅन मेक आउट विथ कस्टमर्स.' यादीत 'मेक आउट = समजणे' असं आहे. ग्राहकांशी बोलायचं म्हणून तिनं आपला एक 'विथ' घातला. आता अमेरिकेत 'मेक आउट विथ' म्हणजे मिठ्या मारून चुंबनं घेणं. हा अर्ज तसाच गेला असता तर छाप नक्कीच पडली असती.

यादीतला अर्थ खोटा नाही. अक्षर लागत नसेल तर 'आय कान्ट मेक आउट हिज हँडरायटिंग' म्हणतातच. पण यादीत वाक्य एकही नाही आणि दुसरा अर्थ असू शकतो याची सूचनाही नाही.

शंभरच का, याला थोडा आधार आहे, हे नाइलाजानं कबूल करते. २००७ साली 'टेसॉल क्वार्टर्ली' या इंग्रजी शिकवण्याविषयीच्या संशोधनपत्रिकेत गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांचा अभ्यास आला. त्यांनी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा दहा कोटी शब्दांचा संग्रह चाळला. त्यात जितक्या वेळा फ्रेझल व्हर्ब येतात, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा पहिल्या शंभरांचाच निघाला. इथवर पीडीएफवाले खूश होतील. पण त्याच अभ्यासात या शंभरांचे अर्थ मोजलेत, ते भरतात ५५९. म्हणजे एकेकाला सरासरी साडेपाच. यादीत दिलेत शंभर. उरलेले साडेचारशे कोणी शिकवायचे?

आता ती युक्ती. सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते हिच्यामुळे. ऑफ म्हणजे बंद ना? मग 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर बंद पडला? नाही हो, वाजला. 'द बॉम्ब वेंट ऑफ' म्हणजे फुटला. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे मात्र दिवे गेले. ब्रिटनमध्ये 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हटलं तर दूध नासलेलं असतं. 'द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ': गजर वाजला म्हणून बंद केला. एकाच वाक्यात एकच ऑफ दोन विरुद्ध कामं करतोय, आणि पोरांना सांगायचं की बेरीज करा! त्या हिशेबानं 'पुट अप विथ' म्हणजे 'बरोबर वर ठेवणे' व्हायला हवं. असतं ते सहन करणे, जे मी ही पीडीएफ वाचताना करत होते.

आपल्याला हे नवं वाटायचं कारणच नाही. 'पोळी खाऊन टाक' म्हटल्यावर कोणी पोळी फेकत नाही, आणि 'तो भलतंच बोलून बसला' तेव्हा त्याला खुर्ची लागत नाही. 'ईट अप', 'यूझ अप' यांतला अप आपल्या 'टाक'सारखाच, काम पुरं झाल्याचं सांगणारा. इतपत कल लक्षात ठेवायला हरकत नाही. तो 'वर' मात्र नव्हे.

शब्द तोडू नका, हा नियम तर चुकाच शिकवतो. त्यातूनच 'पिक अप मी' आणि 'टर्न ऑफ इट' जन्माला येतात. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही चालतं, पण पंख्याच्या जागी 'इट' आला की तो मध्येच बसतो: 'टर्न इट ऑफ'. उलट 'लुक आफ्टर' तुटत नाही, 'लुक आफ्टर हर' असंच राहतं. म्हणून पाठ करायचंच असेल तर अख्खं वाक्य करा.

अर्जात ठासून भरण्याबद्दल काय बोलायचं! औपचारिक पत्रात 'पुट ऑफ'पेक्षा 'पोस्टपोन'च बरा दिसतो. 'लुक फॉरवर्ड टू' चालतं, फक्त त्यापुढे 'हिअरिंग' येतं. पीडीएफच्या नमुना अर्जात 'टू हिअर फ्रॉम यू' छापलंय.

राहता राहिला 'पास आउट = पदवीधर होणे'. हे आपल्याकडे सर्रास चालतं. लष्करात तर ब्रिटिशांचंही चालतं, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होतेच. पण परदेशी ग्राहकाला 'आय पास्ड आउट लास्ट इयर' सांगितलं तर तो तब्येतीची चौकशी करील, कारण त्याच्या लेखी तुम्ही बेशुद्ध पडला होतात. भाचीला म्हटलं, सरळ 'ग्रॅज्युएटेड' लिही.